‘माका वळाखलंस?’ असं विचारायचं नाही

आमच्या शाळेतली मोठी मुलं मधल्या सुट्टीत एका आजोबांची चेष्टा करायची. ती थांबवायला गेले आणि त्यातून हे सगळं सुरू झालं. गाव देवगड आणि मालवणच्या मधल्या किनाऱ्यावरचं. शाळा जिल्हा परिषदेची, पट लहान, पाचवी ते सातवी एकाच खोलीत बसतात. शाळेच्या दगडी गडग्यापलीकडून पुळणीकडे, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूकडे, पाणंद जाते. त्या पाणंदीतून आजोबा यायचे आणि गडग्याशी थांबून विचारायचे, “बोट इली काय रे?” मुलं एका सुरात ओरडायची, “इली, इली! धावा!” आणि ऐंशी उलटलेला तो माणूस लेंगा सावरत पुळणीकडे धावत सुटायचा. एकदा ते तोंडावर आपटले. ओठ फुटला.

मुंबईहून येणारी बोट बंद होऊन आता कित्येक वर्षं झाली. मुलांना बोट म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. आजोबा धावतात एवढंच ठाऊक होतं.

ज्या दिवशी ते पडले, त्याच सकाळी परिपाठाला याच मुलांनी ‘वडीलधाऱ्यांचा मान राखा’ हा सुविचार खणखणीत आवाजात म्हटला होता. मुलं ढोंगी आहेत असं मला अजिबात वाटलं नाही. वाकून नमस्कार करायला त्यांना घरोघरी शिकवलेलं असतं. आज वार कोणता हे ज्याला कळेनासं झालंय, त्याच्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं, हे मात्र कुणीच शिकवलेलं नव्हतं. मोठ्यांनाच येत नाही तर शिकवणार कोण? सुविचार लिहून माया येत नाही, असं माझं इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरचं ठाम मत आहे. माया करायची म्हणजे हातापायांनी, तोंडाने नेमकं काय करायचं, ते दाखवावं लागतं आणि करून घ्यावं लागतं.

आधी त्यांच्या घरी गेले. घरात आजोबा, सून (मी त्यांना वहिनी म्हणते) आणि नात. नात माझ्याच वर्गात, सहावीला. मुलगा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. आमच्याकडे अशी घरं फार. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. म्हणजे कमावते हात मुंबई-पुण्याला आणि गावात म्हातारी माणसं, त्यांचं करणाऱ्या बायका आणि मुलं. विसरायला लागलेल्या सासऱ्यामागे दिवसभर कोण असतं, हे या आकड्यांतच दिसतं.

वहिनींनी चहा टाकला. त्या बोलायला लागल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आजोबांना बोटीने कुठे जायचंच नव्हतं. तरुणपणी ते मालवण बंदरात पडावावर, म्हणजे माल आणि माणसं वाहणाऱ्या होडीवर, कामाला होते. बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही. मग पडाव घेऊन जायचं, माणसं, ट्रंका, पोती उतरवून घ्यायची आणि किनाऱ्याला आणायची. बोट दिसली आणि आपण पडावावर नाही, म्हणजे खाडा. मुलं ज्याला गंमत समजत होती ती त्या माणसाची कामावर वेळेत पोचायची धडपड होती.

वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली. नातीने वर्षभरात एकाही मैत्रिणीला घरी आणलं नव्हतं. पोरं बोट-बोट ओरडायची तेव्हा ती वर्गात बाकावर डोकं ठेवून बसायची. मी तिला विचारलं, वर्गात या विषयावर बोलू का? तुला नको असेल तर नाही बोलणार. ती दोन दिवसांनी येऊन म्हणाली, “बोला बाई, पण माझं नाव घेऊ नका.” अशा कामाला हात घालणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला मी हे सांगेन. ज्या घरातलं माणूस आजारी आहे त्या घरातलं मूल वर्गात बसलेलं असतं. त्याची परवानगी आधी, बाकी सगळं नंतर.

आजाराचं नीट समजून घ्यायला मी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेले आणि मग मुलांना त्यांच्या भाषेत सांगितलं. त्याआधी त्यांना काय वाटतं ते विचारलं. “म्हातारो खुळावलो,” एक म्हणाला. दुसऱ्याने सांगितलं, त्याच्या घरी म्हणतात की बाधा झाली, गाऱ्हाणं घालायला हवं. एकीला वाटत होतं, म्हातारे झाले की सगळ्यांचं असंच होतं. मी फळ्यावर मेंदू काढला. कानाच्या आतल्या बाजूला, खोलवर, नवीन आठवण साठवायची जागा असते. अल्झायमर या आजारात तिथे आणि हळूहळू सगळीकडे नको ती प्रथिनं साचतात, पेशी मरत जातात. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६मध्ये हा आजार पहिल्यांदा मांडला. त्याची रुग्ण पन्नाशीची बाई होती. नवऱ्याचं नाव विचारलं तरी ती स्वतःचंच नाव सांगायची. म्हणजे हे निव्वळ म्हातारपण नव्हे, बाधा नव्हे, वेड नव्हे, मेंदूचा आजार आहे. भारतात साठी ओलांडलेल्या दर शंभरांत सातांहून जास्त जणांना स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया; अल्झायमर हा त्याचाच सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) असावा, असा २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. एकूण सुमारे ८८ लाख माणसं.

पण मुलांना पटलं ते गडग्यावरून. पाऊस झाला की शाळेचा गडगा ढासळतो आणि दरवर्षी आम्हीच दगड रचतो. कुठले दगड आधी पडतात? वरचे. शेवटी रचलेले. तळाचे मोठे धोंडे जागच्या जागी असतात. आजोबांचं तसंच चाललंय. आज सकाळी काय जेवले, हा वरचा दगड. सून घरात आली, नात झाली, ते मधले. मालवण बंदर, पडाव, बोटीचा भोंगा, ते तळाचे. “म्हणजे आजोबा खालच्या दगडार बसलेले आसत,” पाचवीतलं पोर म्हणालं. मी आणखी काही सांगितलं नाही.

मग प्रश्न आले. हा आजार लागण होऊन होतो का? नाही. आमच्या घरात आजीला आहे, मला होईल? बहुतेक वेळा हा आजार असा थेट वारशाने येत नाही. वय हे सगळ्यात मोठं कारण आणि रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, कमी ऐकू येणं यांनी धोका वाढतो. बरा होतो? पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही, काही गोळ्यांनी थोडे दिवस बरं जातं. पण प्रत्येक विसरणं हा आजार नसतो. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, थायरॉइड बिघडलं, मन खचलं, तरी माणूस विसरतो आणि त्यावर उपाय आहेत. म्हणून घरी ‘वयाचंच आहे’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे न्या, हा निरोप मुलांनी घरोघर नेला. एका घरात आजीची तपासणी झाली, बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली. त्या मुलाने हे मला किती अभिमानाने सांगितलं!

एक दिवस वर्गाची एसटी केली. बाक दोन रांगांत लावले. एकेकाला ‘आजी’ व्हायचं होतं. जुन्या चष्म्याच्या काचांना खोबरेल लावलं, कानात कापूस, हातांत मोजे, चपलेत तांदळाचे दाणे. पंचाहत्तरीच्या पुढे एसटीचा प्रवास फुकट असतो, २०२२पासून, पण आधार कार्डासारखं ओळखपत्र दाखवावं लागतं. तेव्हा आजीने पिशवीतून कार्ड काढायचं. पिशवीत मी मुद्दाम रुमालाच्या गाठीत पैसे, गोळ्यांची पाकिटं, अगरबत्तीचा पुडा आणि तीन-चार कार्डं घातली होती. बाकीच्यांनी एकदम बोलायचं: “आजी, आटपा!” “पुढे सरका!” “कार्ड खंय?” सातवीतला वर्गातला सगळ्यात चपळ मुलगा. मोज्यांतल्या बोटांनी चाचपतोय, कार्ड हाताला लागतंय आणि निसटतंय, मागून ओरडा. त्याने पिशवी खाली आपटली आणि म्हणाला, “गप बसा मां सगळे!” त्याला घाम फुटला होता. मग तोच खेळ पुन्हा केला. आता एकानेच बोलायचं, समोर येऊन, हळू, आणि वाट बघायची. कार्ड मिळालं. दोन वेळांत आजी तीच होती. बदलले होते भोवतालचे लोक. हे मुलांच्या तोंडून आलं, मला सांगावं लागलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो आजोबांच्या प्रश्नाच्या उत्तरात. “बोट इली काय?” याला काय म्हणायचं? “इली” म्हटलं तर ते धावतात. “बोट कधीच बंद झाली, विसरलास काय?” म्हटलं तर, वहिनींनी सांगितलं होतं, ते गप्प बसतात, तोंड कसनुसं करतात आणि जेवत नाहीत. मुलं पेचात पडली. एक मुलगी उभी राहिली. “बाई, खोटा बोलू नये असा तुमीच सांगतास मां?” बरोबरच होतं तिचं. या प्रश्नावर आम्ही एक अख्खा तास घालवला आणि मला तो वर्षातला सगळ्यात मोलाचा तास वाटतो. मुलांनी स्वतःच वाट काढली. खोटंही बोलायचं नाही आणि खरं तोंडावर फेकायचंही नाही. समुद्राकडे बघायचं आणि जे दिसतंय ते सांगायचं: “अजून दिसाक नाय, आजोबा.” हे खरंच आहे. आणि मग पुढे विचारायचं: “बोटीर किती मानसां येतत?”

एका मुलाचे वडील दशावतारात काम करतात. त्याने हे पटकन पकडलं. दशावतारात कथा ठरलेली असते पण संवाद पाठ केलेले नसतात, समोरचा जे बोलेल ते उचलून पुढे न्यायचं असतं. समोरच्याला रंगमंचावर खोटं पाडलं तर नाटकच बसतं. तो आजोबा झाला, बाकीचे पाळीपाळीने बोलायला गेले. “माका घराक जावचा आसा,” तो म्हणायचा. बऱ्याच जणांनी आधी “ह्याच तुमचा घर!” असं उत्तर दिलं. सराव करता करता एकीने विचारलं, “घराकडे कोण कोण आसा?” तेव्हा आजोबा झालेला तो पोरगा खरोखरच शांत होऊन आईबद्दल बोलायला लागला.

याच सरावात आम्ही ठरवलं की कुणीही ‘माका वळाखलंस?’ असं विचारायचं नाही. विसरणाऱ्या माणसाला दिवसातून दहा जण हा प्रश्न विचारतात. मायेनेच विचारतात, पण ती परीक्षा असते आणि त्यात तो रोज नापास होतो. त्यापेक्षा आपणच सांगावं: मी अमक्याची मुलगी, खालच्या वाडीतली, तुमच्याशी बोलायला आले. मागून जाऊन हात धरायचा नाही, समोरून जायचं. उभं राहून बोलायचं नाही, बसायचं. एक वाक्य बोलून थांबायचं, मनात दहापर्यंत मोजायचं. ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगितली तर पुन्हा ऐकायची.

मग आम्ही जायला लागलो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोघं-तिघंच. संध्याकाळी मुद्दाम नाही, कारण दिवस कलला की अशा माणसांची घालमेल वाढते. आजोबांच्या पडवीत फाटकं जाळं पडलेलं असायचं. एका मुलाने घरून लाकडी सुई आणि दोरा आणला आणि काही न बोलता त्यांच्या पुढ्यात ठेवला. आजोबांनी जाळं मांडीवर ओढलं, फाटलेली कड बोटांनी चाचपली, कुजका दोरा दाताने तोडून टाकला. सुई खालून वर आली, फासातून गेली, अंगठ्याने दाबली, झटका, गाठ बसली. पुढची. त्याच्या पुढची. डोळे अंगणाकडे, हात जाळ्यात. सकाळचं जेवण न आठवणाऱ्या माणसाच्या हातून जाळ्याचे सगळे डोळे एका मापाचे उतरत होते. हाताच्या सवयी मेंदूत वेगळ्या जागी साठवलेल्या असतात, त्या उशिरा जातात, हे मी वर्गात सांगितलं होतं. पण बघणं वेगळं. मुलाने स्वतः गाठ मारून बघितली तेव्हा आजोबांनी त्याच्या हातावर चापट दिली. “तशी नाय, अशी.” शिकवणारा माणूस अजून आत आहे, हे त्या पोराला त्या चापटीने समजलं.

सगळे शनिवार असे गेले नाहीत. एकदा आजोबांनी शिवी हासडून मुलींना हाकललं, हातातली काठी उगारली. एक मुलगी रडत शाळेत आली. पुन्हा जाणार नाही म्हणाली. मी तिला आग्रह केला नाही. करुणा सक्तीने करून घ्यायची नसते आणि मुलांच्या सुरक्षिततेपुढे काहीच मोठं नाही. म्हणूनच घरातलं मोठं माणूस असल्याशिवाय जायचं नाही, हा नियम पहिल्यापासून होता. पण वहिनींकडून कळलं की हे दोन दिवसांतच अचानक सुरू झालंय, रात्री झोप नाही, लघवीला सारखं जातात. गावातल्या आशाताईंनी सांगितलं, एवढा बदल एकाएकी झाला तर तो आजार वाढला असं समजू नका, दुसरं काहीतरी झालंय. लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. औषध झालं आणि आजोबा पुन्हा जाळ्यावर बसले. रडून आलेली मुलगीही महिनाभराने आपणहून गेली.

पालकांचा विरोध झाला. “परीक्षा सोडून ह्या कसला काढलास बाई?” असं एकाने सभेत विचारलं. मी सांगितलं, मुलं निबंध लिहितायत, मुलाखत घेतायत, मालवण, देवगड, विजयदुर्ग, वेंगुर्ला या बंदरांचा इतिहास शोधतायत, पावसाळ्यात बोट का बंद असायची ते समजून घेतायत. हे खरंच होतं. पण मला मनातून ते कारण पुढे करायला आवडलं नाही. म्हणून तेही सांगितलं. अभ्यास झाला नसता तरी मी हे केलं असतं, कारण आपण सगळेच म्हातारे होणार आहोत आणि तेव्हा आपल्यासमोर हीच मुलं असणार आहेत. सभेत मागे बसलेल्या एका बाई तेव्हा उठून म्हणाल्या की त्यांच्या सासूचंही असंच आहे, पण लोक काय म्हणतील म्हणून घरात बोलत नाहीत. त्यानंतर विरोध राहिला नाही.

मला जे आधी सुचलं नव्हतं ते वहिनींमुळे कळलं. मुलं शनिवारी पडवीत बसली की त्या आत जाऊन झोपायच्या. फक्त झोपायच्या. रात्री आजोबा चारचारदा उठतात, कडी काढतात, त्यामुळे त्यांची सलग झोप झालेलीच नसते. आम्ही आजोबांसाठी जात होतो आणि तेवढाच दिलासा वहिनींना मिळत होता. पुढे मुलं जाताना त्यांनाही विचारायला लागली, “काकी, काय आणूचा आसा दुकानातसून?” आजारी माणसाची चौकशी सगळे करतात, त्याचं करणारीची कुणी करत नाही. मुलं ती करायला लागली. आणि नातीने एका शनिवारी सगळ्यांना पुढे घालून स्वतःच घरी नेलं, आंबोळ्या खायला.

गणपतीत चाकरमानी आले. आजोबांचं माजघर भरलं. मुंबईचा पुतण्या पाया पडला आणि हसत, सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारू लागला, “काय काका, माका वळाखलंस? सांग बघू कोण मी!” आजोबा बावरून सुनेकडे बघायला लागले. आरतीला आलेला आमचा पाचवीतला विद्यार्थी पुढे झाला आणि त्या भल्यामोठ्या माणसाला म्हणाला, “काका, असा इचारू नको. तू कोण ता सांग, मगे बस.” पुतण्या गोंधळला. पण बसला, नाव सांगितलं, भावाचं नाव सांगितलं. आजोबा म्हणाले, “बस, बस. पडावार इलंस काय?” त्याने मुलाकडे बघितलं, मुलाने मान हलवली, आणि तो म्हणाला, “होय. खूप गर्दी होती.” हे मला वहिनींनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता, माझाही.

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाला आम्ही गावात फिरलो. जपानमध्ये २००५पासून दुकानदार, बँकेतले लोक आणि शाळकरी मुलांनाही स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी कसं वागायचं याचं छोटं प्रशिक्षण देतात, हे मुलांना सांगितलं होतं. त्यांनी आपली यादी स्वतः केली: नाक्यावरचा दुकानदार, रिक्षावाले, रापणीवरची, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने मोठं जाळं ओढणारी माणसं. आजोबा एकटे दिसले तर हाकलायचं नाही, ओरडायचं नाही, बसवायचं, पाणी द्यायचं आणि वहिनींना फोन लावायचा. वहिनींच्या संमतीने फोन नंबर दुकानात आतल्या बाजूला चिकटवलाय. त्याखाली ज्येष्ठांच्या मदतीचा क्रमांक १४५६७ आहे. रापणीवरच्या एकाने नंतर आजोबांना खरंच दोरीला लावलं होतं, आणि त्यांनी ती ओढली. येत्या जूनपासून चौथीलाही घेतोय, सुरुवात एसटीच्या खेळापासूनच.